न रंगवलेला उजेड : चित्रकार सावळाराम हळदणकर

म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या चित्रसंग्रहालयात एका चित्रापाशी पर्यटकांची पावले थबकतात. फिकट जांभळ्या साडीतली एक तरुणी उभी आहे. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा त्याला आडोसा. बोटांच्या कडांवर लालसर उजेड, चेहऱ्यावर पिवळसर. गर्दीतून कुणीतरी हमखास म्हणते, 'रविवर्म्याचे चित्र!' त्याच संग्रहालयात रविवर्म्याची चित्रे असल्यामुळे हा समज सहज पसरतो. पण रविवर्मा १९०६ मध्ये वारले आणि हे चित्र १९४५-४६ चे. शिवाय रविवर्म्याची ख्याती तैलरंगांची, तर हे चित्र जलरंगातले. 'ग्लो ऑफ होप' या नावाने ओळखले जाणारे हे चित्र काढले सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी.

त्यांचा जन्म १८८२ चा. सावंतवाडी म्हणजे लाकडी खेळण्यांचे आणि हाताने रंगवलेल्या गंजिफा पत्त्यांचे गाव. रंग तिथे रोजीरोटीचा भाग होता. शाळकरी मुलाचा हात शिक्षकांच्या नजरेत भरला, संस्थानाचा आधार मिळाला आणि १९०३ मध्ये हळदणकर मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथली रीत ब्रिटिश वळणाची. आधी प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन, मग समोर बसवलेल्या जिवंत माणसावरून. उजेड कुठून येतो, कुठे अडतो, सावलीतही परावर्तित उजेड कसा शिरतो, हे डोळ्यांत मुरेपर्यंत गिरवायचे. १९०८ मध्ये, विशीतच, त्यांनी मुंबईत स्वतःची चित्रसंस्था काढली आणि तेच शिक्षण पुढच्या पिढ्यांना दिले. १९१८ मध्ये आर्ट सोसायटी ऑफ इंडियाच्या स्थापनेतही ते होते.

हळदणकर तैलरंगही लीलया वापरत. व्यक्तिचित्र आणि निसर्गचित्र, दोन्हींत त्यांचा दबदबा होता. तरी त्यांचा खरा कस लागला तो पारदर्शक जलरंगात.

तैलरंगात चूक झाली तर ती सुरीने खरवडता येते, वाळल्यावर वरून नवा थर देता येतो. अंधारावर उजेड चढवता येतो. पारदर्शक जलरंगात हे उलटे असते. तिथला उजेड म्हणजे कागद. जिथे लख्ख हवे तिथे कुंचला टेकवायचाच नाही, जिथे मंद हवे तिथे रंगाचा पातळ, पाणीदार थर. म्हणजे काय रंगवायचे याआधी काय सोडायचे ते ठरवावे लागते. निसर्गचित्रात आकाश मोठे, उजेड पसरलेला. तिथे हे सोडणे त्यामानाने सोपे. पण खोलीभर अंधार आणि मधोमध एकच ज्योत असेल तर? गडद रंगाचे थर चुकून जास्त झाले की ते मळकट होतात, अंधार कोळशासारखा मेलेला दिसतो. कमी पडले तर ज्योत उजळतच नाही. दिवेलागणीचे चित्र जलरंगात काढायला घेणे म्हणजे स्वतःहून कठीण वाट धरणे. साठी ओलांडलेल्या हळदणकरांनी ती धरली आणि समोर उभे केले स्वतःच्याच मुलीला. वयाची शंभरी पार करून त्या २०१८ मध्ये कोल्हापुरात निवर्तल्या. चित्रातली तरुणी मात्र अजून तशीच उभी आहे.

तोवर काळ बदलू लागला होता. हळदणकर विद्यार्थी होते तेव्हाच बंगालमध्ये पाश्चात्त्य वास्तववादाकडे पाठ फिरवून देशी चित्रभाषेचा शोध सुरू झाला होता. १९४७ मध्ये मुंबईत आधुनिक वळणाच्या चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला. हुबेहूब चित्रण म्हणजे नुसती नक्कल, असा शेरा वास्तववादी मंडळींवर बसू लागला. तो शेरा सरसकट मारण्यात एक गफलत आहे. नुसती नक्कल करणाऱ्याला दिसते ते सगळे हवे असते. हळदणकरांच्या दिव्याच्या चित्रात मागच्या भिंतीवर सावली सोडून जवळपास काही नाही. घर कुणाचे, सण कोणता, मुलगी कुठे निघाली आहे, हे त्यांनी सांगितलेले नाही. जे गाळले त्यावरूनच हे नक्कल नव्हे, निवड आहे, हे कळते.

१९२५ मध्ये 'मोहमेडन पिल्ग्रिम' या चित्राने त्यांना बॉम्बे आर्ट सोसायटीचा मान मिळवून दिला. पुढे ललित कला अकादमीची फेलोशिपही लाभली. १९६८ मध्ये ते गेले. मानसन्मान मिळाले, शिष्य मिळाले, पण चित्र पाहणाऱ्या सामान्य माणसाच्या ओठी दुसऱ्याचेच नाव राहिले.

म्हैसूरला जाल तेव्हा त्या चित्रातल्या ज्योतीकडे नंतर बघा. आधी बोटे बघा. उजेड मांसातून आरपार आल्यासारखा वाटतो, आणि तरी कागदाचा तजेला कुठे विझलेला नाही. शेजारी कुणी रविवर्म्याचे नाव घेतले, तर वाद घालू नका. फक्त सांगा, हे पाण्याचे रंग आहेत. मग सावंतवाडीचे नाव घ्या.