न सुटणारा उपास

सांताक्रूझला वाकोल्यात आमच्या शेजारी एक मुलगी राहते. वय पंधरा. पूर्वी शाळेतून आली की आधी खायला मागायची. गेल्या वर्षी तिने जेवण कमी केले. आज पोट दुखते, उद्या उपास आहे. आईला वाटले, पोरीला देवाचा नाद लागला. पण एकादशीचा उपास बारशीला सुटतो. हिचा सुटेना. केस गळू लागले, भर उन्हाळ्यात थंडी वाजू लागली, पाळी बंद झाली. एक दिवस जिन्यात चक्कर येऊन पडली, तेव्हा घरचे जागे झाले. आम्हीही तिला रोज पाहत होतो. इतकी वर्षे मुलांत काढली, पण आम्हांला काही उमगले नाही.

डॉक्टर म्हणाले, हा हट्ट नव्हे, आजार आहे. हाडे दिसू लागली तरी पोरीला आपण जाडच वाटतो. मुलग्यांनाही तो होतो. विल्यम गल या इंग्रज डॉक्टराने १८७३ सालीच तो सांगितला होता. तेव्हा मोबाईल कुठे होता? खरे आहे. पण मोबाईल आगीत तेल ओततो. कसे ते पाहा. मुलगी एका सडपातळ बाईच्या चित्रावर जरा थांबली. यंत्र ते टिपून ठेवते. गिऱ्हाईक ज्या साडीकडे पाहते, तसल्याच दहा साड्या दुकानदार उलगडतो ना? तसेच हे. पोर जितका वेळ पाहील, तितक्या जाहिराती जास्त. त्यातल्या पुष्कळ चित्रांत कंबर यंत्रानेच बारीक केलेली असते!

इन्स्टाग्रामच्या कंपनीचे आतले कागद २०२१ साली बाहेर आले. अंगाबद्दल खंत वाटत असताना इन्स्टाग्रामने ती वाढते, असे शंभरात ३२ मुलींनी कंपनीलाच सांगितले होते.

फिजी बेटांवर भरल्या अंगाची बाई चांगली मानत. तिथल्या एका भागात १९९५ साली टीव्ही आला. १९९८ साली शाळकरी मुलींना विचारले, तर शंभरात ७४ जणींना कधी ना कधी आपण जाड आहोत असे वाटत होते.

अशा मुलीला रागावू नये, कोंबून भरवूही नये. फार दिवस उपाशी असलेल्याला एकदम पोटभर दिले तर जिवाला धोका असतो. डॉक्टर सांगतील तसे थोडे थोडे द्यावे. कुणाला विचारावे कळेना, तर सरकारच्या 'टेली मानस'ला १४४१६ वर फोन करावा. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते.

शेजारच्या घरी आता सगळे एकत्र जेवतात. तेवढा वेळ मोबाईल फडताळात, बापाचासुद्धा. परवा पोरीने आपणहून वरणभात मागितला. वाटीभरच. आईने काही न बोलता वाढला.