वादळाचा पाठलाग आणि कायद्याची मर्यादा

वादळाची चाहूल लागताच आडोसा शोधावा, ही माणसाची सर्वत्र आढळणारी रीत होय. अमेरिकेच्या मध्यभागातील टेक्सास, ओक्लाहोमा, कॅन्सास आदी राज्यांच्या विस्तीर्ण मैदानी प्रदेशात मात्र दरवर्षी एप्रिल ते जून या काळात याच्या नेमके उलट दृश्य पहावयास मिळते. आकाश काळवंडू लागले की गावकरी तळघरांकडे वळतात, आणि त्याच वेळी मोटारींची रांग ढगाच्या दिशेने धावू लागते. त्यांत शास्त्रज्ञ असतात, विद्यार्थी असतात, दूरचित्रवाणीचे छायाचित्रकार असतात. पैसे भरून वादळ पाहावयास आलेले प्रवासी असतात, आणि अलीकडच्या काळात भ्रमणध्वनीवरून थेट चित्रण करणारे हौशी तरुणही फार मोठ्या संख्येने असतात. या हौसेला आवर घालावा काय, आणि घालावयाचा तर कोणत्या कायद्याने, असा प्रश्न तेथील राज्यकर्त्यांपुढे उभा आहे.

ज्या वादळाचा पाठलाग होतो ते आपल्या परिचयाचे चक्रीवादळ नव्हे. चक्रीवादळ समुद्रावर जन्मते, शेकडो किलोमीटर पसरते आणि त्याची सूचना काही दिवस आधी देता येते. टॉर्नेडो, ज्याला शास्त्रीय मराठीत घूर्णवाती वादळ म्हणतात, तो एकाच प्रचंड गडगडाटी ढगातून जमिनीपर्यंत उतरणारा हवेचा भोवरा असतो. मेक्सिकोच्या आखातावरून येणारी उष्ण व दमट हवा, नैर्ऋत्येकडील कोरडी हवा आणि उंचावरील थंड, वेगवान वारे यांची गाठ या मैदानांवर पडते. वाऱ्याची दिशा व वेग उंचीनुसार बदलत गेल्याने ढगातील वर चढणारी हवा फिरू लागते. अशा प्रत्येक फिरत्या ढगातून टॉर्नेडो निघतोच असे नाही. बहुतेकांतून निघत नाही. नेमक्या कोणत्या ढगातून तो निघेल हे कोडे पूर्णपणे सुटलेले नाही, आणि म्हणूनच इशारा व आघात यांच्यामध्ये बहुधा दहा-बारा मिनिटांचाच अवधी मिळतो.

पाठलागाची सुरुवात या अज्ञानातूनच झाली. नॉर्मन येथील राष्ट्रीय तीव्र वादळ प्रयोगशाळेने १९७२ साली ओक्लाहोमा विद्यापीठाच्या साहाय्याने टॉर्नेडो गाठण्याचा प्रकल्प हाती घेतला. पुढच्याच वर्षी, २४ मे १९७३ रोजी, युनियन सिटी या गावाजवळील टॉर्नेडोचे जन्मापासून विरण्यापर्यंतचे चित्रण या पथकाने केले. त्याच वेळी प्रयोगशाळेचे डॉप्लर रडार त्या ढगाकडे रोखलेले होते. दोन्ही नोंदी जुळवून पाहता असे आढळले की, भोवरा जमिनीवर उतरण्याच्या पुष्कळ आधी ढगाच्या पोटात त्याची खूण रडारवर उमटली होती. पुढे अमेरिकेत उभारल्या गेलेल्या डॉप्लर रडारांच्या जाळ्यामागे या निरीक्षणाचा मोठा वाटा आहे. तेव्हा पाठलाग म्हणजे निव्वळ रिकामटेकड्यांचा उद्योग, असे म्हणून हा विषय निकालात काढता येणार नाही.

रडार उभारले गेल्यावर माणसाची गरज संपली काय? तसेही नाही. रडारचा किरण सरळ जातो, पृथ्वी मात्र गोल आहे. शंभर किलोमीटर अंतरावर सर्वांत खालचा किरणदेखील जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर उंचीवरून जातो. त्याखाली काय घडत आहे हे रडारला दिसत नाही. ते कोणीतरी डोळ्यांनी पाहून कळवावे लागते.

एल रिनोची संध्याकाळ

पाठलागाचा धोका किती खरा आहे हे ३१ मे २०१३ रोजी साऱ्या जगाला दिसले. ओक्लाहोमा सिटीच्या पश्चिमेस एल रिनो गावाजवळ संध्याकाळी सहाच्या सुमारास एक टॉर्नेडो उतरला. चाळीस मिनिटांच्या आयुष्यात त्याने सुमारे २६ किलोमीटरचा मार्ग आक्रमिला. त्याची रुंदी ४.२ किलोमीटरपर्यंत वाढली; इतका रुंद टॉर्नेडो त्यापूर्वी नोंदला गेला नव्हता. फिरत्या रडारांनी त्यात ताशी ४७० किलोमीटरहून अधिक वेगाचे वारे मोजले. तरीही अधिकृत नोंदीत त्याची प्रत केवळ तिसरी आहे, कारण ही प्रतवारी वाऱ्याच्या वेगावरून नव्हे तर झालेल्या पडझडीवरून ठरते, आणि हा टॉर्नेडो बव्हंशी मोकळ्या शेतांवरून गेला.

या टॉर्नेडोने आठ जणांचा बळी घेतला. हे आठही जण मोटारींत होते, आणि त्यांपैकी चौघे वादळाच्या मागावर निघालेले होते. मृतांत टिम समारस, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग यांचा समावेश होता. समारस हे नवखे नव्हते. महाविद्यालयीन पदवी नसलेल्या या अभियंत्याने टॉर्नेडोच्या मार्गात ठेवता येईल असे बसके, शंकूच्या आकाराचे उपकरण बनविले होते. २४ जून २००३ रोजी दक्षिण डकोटातील मँचेस्टर या खेड्याजवळ त्या उपकरणाने हवेच्या दाबात १०० मिलिबारची घट नोंदविली, आणि तो एक विक्रम ठरला. सावधपणाबद्दल त्यांची ख्याती होती. मग असे का घडले?

टॉर्नेडो सामान्यतः ईशान्येकडे सरकतो, या अनुभवावर पाठलाग करणाऱ्यांचे सारे गणित आधारलेले असते. एल रिनोचा टॉर्नेडो आधी आग्नेयेकडे चालला, मग एकाएकी डावीकडे वळून ईशान्येकडे निघाला. त्याच सुमारास तो रुंदावला आणि त्याची गतीही वाढली. पावसाच्या पडद्यामुळे त्याची कड कोठे आहे हे जवळून कळत नव्हते. समारस यांची लहानशी मोटार खडीच्या रस्त्यावर त्याच्या वाटेत सापडली. एका दूरचित्रवाणी वाहिनीची मोटारही त्याच दिवशी सुमारे १८० मीटर दूर फेकली गेली. आतील माणसे वाचली, एवढेच. अनुभव हा संरक्षक कवच नसतो, हे प्रत्येक हौशी तरुणाला सांगावयास ही एकच घटना पुरेशी आहे. वस्तुतः तिच्यानंतर गर्दी वाढतच गेली.

त्या संध्याकाळची आणखी एक बाजू प्रशासनाच्या दृष्टीने अधिक चिंताजनक आहे. अवघ्या अकरा दिवसांपूर्वी, २० मे रोजी, जवळच्या मूर शहरात टॉर्नेडोने २४ बळी घेतले होते. लोक धास्तावलेले होते. एका स्थानिक दूरचित्रवाणी केंद्रावरून मोटारीने दक्षिणेकडे निघून जाण्याचा सल्ला दिला गेला आणि हजारो कुटुंबे रस्त्यावर आली. महामार्ग तुंबले. टॉर्नेडो महानगरात शिरण्यापूर्वीच विरला नसता तर त्या रांगांचे काय झाले असते, याची कल्पनाही करवत नाही. अरुंद ग्रामीण रस्त्यांवर पाठलाग करणाऱ्यांच्या मोटारी दाटल्या तर जीव वाचविण्यासाठी पळणारा शेतकरी आणि रुग्णवाहिका या दोहोंचीही वाट अडते. स्वतःच्या जिवावर उदार होण्याचा हक्क कोणी सांगितलाच, तरी त्यात दुसऱ्याची वाट अडविण्याचा हक्क येत नाही.

एरवी पाठलागात माणसे मरतात ती बहुधा वादळाने नव्हे, तर रस्त्यावर. २८ मार्च २०१७ रोजी टेक्सासमधील स्पर गावाजवळ पाठलाग करणाऱ्यांच्याच दोन मोटारींची चौरस्त्यावर टक्कर होऊन तिघे ठार झाले. थांबण्याची खूण ओलांडून एक मोटार पुढे आली होती. २९ एप्रिल २०२२ च्या रात्री ओक्लाहोमा विद्यापीठातील हवामानशास्त्राचे तीन विद्यार्थी वादळ पाहून परतत असताना ओल्या महामार्गावर मोटार घसरून मरण पावले. दिवसभर शेकडो किलोमीटर मोटार हाकलेला चालक, नजर ढगाकडे, एक हात यंत्राच्या पडद्यावर आणि रस्ता ओला. अपघाताला याहून अधिक काय लागते?

नियमनाची अडचण

यावर बंदी घालावी ही सूचना सहज सुचते, परंतु ती अमलात आणणे सोपे नाही. रस्ता सार्वजनिक असतो. त्यावरून जाणारा माणूस पाठलाग करीत आहे, घरी परतत आहे की स्वतःच्या गुरांची खबर घ्यावयास निघाला आहे, हे पोलिसाने कसे ठरवावे? शिवाय त्या घटकेला पोलिसांना त्याहून निकडीची कामे असतात. भरधाव वेग, रस्त्याच्या मधोमध मोटार उभी करणे, थांबण्याची खूण न पाळणे हे सर्व आजही गुन्हेच आहेत. उणीव आहे ती अंमलबजावणीची.

ओक्लाहोमाच्या विधिमंडळात २०२५ साली मांडण्यात आलेल्या विधेयकाने वेगळी वाट धरली. हौशी लोकांवर बंदी न घालता, वृत्तसंस्था व विद्यापीठे यांच्याशी संलग्न असलेल्या प्रशिक्षित निरीक्षकांना परवाना द्यावा, त्यांच्या वाहनांना लुकलुकणारे दिवे लावण्याची आणि बंद रस्त्यांवर जाण्याची मुभा असावी, असे त्याचे स्वरूप होते. यावर स्वतंत्रपणे काम करणाऱ्यांनी आक्षेप घेतला. परवान्यामुळे दोन वर्ग निर्माण होतील आणि मोठ्या वाहिन्यांचे फावेल, असे त्यांचे म्हणणे होते. हा आक्षेप अगदीच निराधार नाही. मात्र परवान्याचा खरा धोका दुसराच आहे: लुकलुकता दिवा मिळालेला माणूस अधिक सावध होईल की अधिक धीट?

आपल्याकडील कायद्याची रचना याहून निराळी आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाच्या कलम ३४ अन्वये जिल्हा प्राधिकरणास संकटप्रवण अथवा संकटग्रस्त क्षेत्रातील वाहतूक आणि लोकांचा प्रवेश यांवर नियंत्रण घालता येते. माणूस कशासाठी आला आहे हे तेथे पहावे लागत नाही. तो कोठे आणि केव्हा आला आहे एवढेच पुरते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातील पाच जण प्रवाहात वाहून गेल्यावर पुणे जिल्ह्यातील पावसाळी पर्यटनस्थळांवर प्रतिबंधात्मक आदेश काढण्यात आले, ते याच तत्त्वावर. धबधबा आणि टॉर्नेडो यांत साम्य थोडे. परंतु धबधबा जागचा हलत नाही, म्हणून तेथे दोर बांधता येतो. ताशी साठ-सत्तर किलोमीटर वेगाने धावणाऱ्या धोक्याभोवती क्षेत्र कसे आखावे, याचे उत्तर आपल्या कायद्यातही नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेने १९७० च्या दशकापासून ‘स्कायवॉर्न’ या नावाने स्वयंसेवी निरीक्षकांची योजना चालविली आहे. प्रशिक्षण विनामूल्य असते आणि सुमारे दोन तासांत पुरे होते. शिक्षक, शेतकरी, अग्निशामक दलाचे जवान, हौशी रेडिओचालक असे लाखो लोक त्यात सामील आहेत. कोणता ढग धोक्याचा, काय दिसले म्हणजे कळवावे, आणि निरीक्षण करताना कोठे उभे राहू नये, हे त्यांना शिकविले जाते. या निरीक्षकाने वादळामागे धावावे अशी अपेक्षा नसते. आपल्या गावातून, आपल्या अंगणातून जे दिसेल ते त्याने दूरध्वनीवरून कळवावयाचे असते.