शहाळे आणि नारळ : काढणीची योग्य वेळ

शहाळे आणि नारळ ही दोन नावे एकाच फळाची होत. भेद आहे तो केवळ वयाचा. मात्र या भेदाकडे दुर्लक्ष करून काढणी केल्यास बागायतदाराची हानी होते, आणि पुष्कळदा ती अनेक वर्षांनंतर ध्यानात येते.

पूर्ण वाढलेल्या माडाला साधारणतः दरमहा एक नवी पोय येते. त्यामुळे एकाच माडावर निरनिराळ्या वयाचे घड एकाच वेळी आढळतात. कोणता घड केव्हा उतरवावा, हे जाणणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

फुलोऱ्यानंतर ६ ते ७ महिन्यांनी फळातील पाणी भरपूर व गोड असते. त्यात ग्लुकोज, फ्रुक्टोज या साध्या शर्करा आणि पोटॅशियम असते. आतील बाजूस मऊ मलई नुकतीच धरू लागलेली असते. ही शहाळ्याची अवस्था होय. शहाळ्याची कवटी कोवळी असल्याने घड खाली न टाकता दोराने उतरविणे इष्ट असते. चौघाट ऑरेंजसारख्या ठेंगण्या जाती शहाळ्यांसाठी विशेष उपयुक्त मानल्या जातात.

पुढे पाणी कमी होते, गोडी उतरते, मलईचे घट्ट खोबरे बनते व त्यात तेल साठते. १२ महिन्यांचा नारळ हलविला असता आतील पाणी खळखळते. शहाळे पाण्याने गच्च भरलेले असल्याने तसा आवाज येत नाही. पक्व नारळाच्या चांगल्या वाळलेल्या खोबऱ्यात ६० टक्क्यांहून अधिक तेल असते. अपक्व फळाचे खोबरे वाळल्यावर चिवट होते व तेलही कमी देते. पांढऱ्या काथ्यासाठी मात्र १० ते ११ महिन्यांच्या फळाचे हिरवे सोडण उत्तम समजतात.

सर्वांत अधिक दक्षता हवी ती बियाण्याविषयी. रोपांसाठी पूर्ण पक्व नारळच निवडावा. अपक्व नारळ कमी रुजतात व त्यांची रोपे अशक्त निपजतात. बाणवलीसारखी उंच जात फळावर येण्यास ६ ते ७ वर्षे लागतात. तोवर बियाण्यातील दोष उमगत नाही, आणि उमगला तरी गेलेली वर्षे परत मिळत नाहीत.

रत्नागिरीजवळील भाट्ये येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र १९५५ पासून या पिकाच्या संशोधनाचे कार्य करीत आहे. रोपवाटिका चालविणाऱ्या ग्रामपंचायतींनी तेथील मार्गदर्शन घ्यावे, आणि शिक्षकांनी शाळेच्या आवारातील माडाखाली मुलांना घडांचे वय ओळखावयास शिकवावे. योग्य वेळी उतरविलेला घड शेतकऱ्याला जो लाभ देतो, त्यासाठी वेगळा खर्च करावा लागत नाही.