कुळागरातील पसरणाऱ्या वेली : उपयोग, उपद्रव आणि उपाय

गोव्यातील फोंडा, सत्तरी, सांगे या तालुक्यांत डोंगरउतारावर कुळागरे पसरलेली आहेत. पोफळी आणि माड यांच्या छायेत केळी, अननस, जायफळ व मिरवेल ही पिके येथे एकत्र नांदतात. झऱ्याचे पाणी पाटाने वरच्या बागेतून खालच्या बागेत उतरते. अशा जमिनीवर हिरवे आच्छादन असणे हिताचे असते. पावसाच्या माऱ्याने माती वाहून जात नाही व उन्हाळ्यात ओल टिकते. परंतु वनस्पतीची निवड विचारपूर्वक न केल्यास हे आच्छादनच पुढे डोईजड होते.

पिवळ्या फुलांची वेडेलिया हे याचे ठळक उदाहरण होय. मूळची उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील ही वेल शोभेसाठी अनेक देशांत नेण्यात आली. तिच्या पेरापेराशी मुळे फुटतात आणि तुटलेला लहानसा तुकडाही ओल्या मातीत रुजतो. विरळ सावलीतही ती तग धरते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २००० साली प्रसिद्ध केलेल्या जगातील १०० घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत तिचा समावेश आहे.

अंगणात लावलेली ही वेल कुळागरात शिरली की मिरीची कोवळी रोपे तिच्याखाली दडपली जातात आणि पाट तुंबतात. त्याहून मोठी हानी म्हणजे गळलेली सुपारी दाट वेलीत दिसेनाशी होते. पावसाळ्यात कोळेरोगाने गळलेली फळे वेळीच वेचून नष्ट करणे आवश्यक असते. ती वेलीखाली राहिल्यास रोगाला बागेतच आश्रय मिळतो. दाट वेलीत सापही दिसत नाही, हे वेचणाऱ्या मजुरांच्या दृष्टीने धोक्याचे आहे.

वेल काढण्यास पाऊस सरल्यानंतरचा काळ उत्तम. त्या वेळी माती मऊ असते आणि काढलेली वेल वाळविण्यास ऊनही मिळते. पोफळीची बरीच मुळे मातीच्या वरच्या थरात असल्याने कुदळीने खोल खणू नये. कडेपासून आरंभ करून खुरप्याने मुळांसह वेल सोडवावी. काढलेली वेल पाटात, ओहोळात किंवा ओल्या खतखड्यात टाकू नये. कातळावर पसरून ती पूर्णपणे वाळवावी. दर दोन-तीन आठवड्यांनी नवे कोंब उपटावेत. एकदाच साफ करून स्वस्थ बसल्यास सर्व श्रम वाया जातात. पाटाचे पाणी खालच्या बागेत व विहिरीकडे जाते, म्हणून तणनाशकाचा मोह टाळावा.

मोकळ्या झालेल्या जमिनीवर गळलेल्या झावळ्या व केळीची पाने अंथरावीत. जेथे ऊन पोहोचते तेथे माडाच्या आळ्यात पावसाच्या आरंभी चवळी किंवा ताग पेरून फुलोऱ्याच्या वेळी मातीत गाडल्यास खतही मिळते. शोभेसाठी पसरणारी वेल हवीच असल्यास ती कुंडीत ठेवावी आणि तिच्या फांद्या जमिनीला टेकू देऊ नयेत.

वरच्या बागेत तुटलेला तुकडा पाण्याबरोबर खालच्या बागेत रुजतो. म्हणून एका पाटावरील सर्व बागायतदारांनी एकाच वेळी हे काम हाती घेणे इष्ट ठरेल. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना ही वेल ओळखण्यास शिकविल्यास घराघरांत ही जाणीव पोहोचेल. आपल्या अंगणाची शोभा शेजाऱ्याच्या बागेचे संकट होऊ नये, एवढी दक्षता प्रत्येकाने घेतली पाहिजे.