एचपी वाढली, पंखा तोच

मासेमारीबंदीचे 61 दिवस 31 जुलैला संपले आणि नेहमीच्या बातम्यांचा मोसमही सुरू झाला. ट्रॉलर समुद्रात गेले, पर्ससीनचा वाद पुन्हा निघाला, डिझेल परताव्याची थकबाकी आठवली, बांगड्याचा भाव पहिल्या पानावर आला. या गर्दीत वीस-बावीस फुटी फायबर होडी घेऊन पहाटे जाळं टाकायला निघणाऱ्याला जागा नसते. परतावा डिझेलचा असतो. याच्या आउटबोर्डच्या टाकीत पेट्रोल, तेही शंभरी ओलांडलेलं. तरी हंगामाच्या तोंडावर मालवण-देवगडपासून गोव्याच्या किनाऱ्यापर्यंत गप्पा कसल्या चालतात? इंजिनाच्या. 9.9 एचपी पुरत नाही, 15 घेऊ या. ज्याच्याकडे 15 आहे त्याला 25 हवं.

माझं म्हणणं विक्रेत्यांना आवडणार नाही. यातल्या बऱ्याच होड्यांना मोठं इंजिन नको आहे, दुसरा पंखा हवा आहे.

पंख्याच्या हबवर दोन आकडे कोरलेले असतात, समजा 9¼ × 9. पहिला व्यास, इंचांत. दुसरा पिच. पाणी जरासुद्धा मागे सरकलं नसतं तर एका फेऱ्यात पंखा जेवढा पुढे गेला असता, तेवढे इंच म्हणजे पिच. पाणी अर्थातच सरकतं, आणि सगळी गोम त्या सरकण्यात आहे. इंजिन घेताना लोक सिलिंडर, मायलेज, वॉरंटी, हप्ता सगळं विचारतात. हे दोन आकडे मात्र खोक्यातून जे येतील ते.

थोडा हिशेब करू. छोट्या आउटबोर्डांपैकी अनेकांत गिअरचं प्रमाण 2.08 ला 1 असतं. इंजिन मिनिटाला 5,000 फेरे फिरलं की पंखा साधारण 2,400 फिरतो. त्याला 9 इंच पिचने गुणलं तर कागदावरचा वेग येतो तासाला 33 किलोमीटर, म्हणजे जवळजवळ 18 नॉट. आता जाळी, बर्फ, पेट्रोलचे कॅन आणि चार माणसं घेतलेली कुठली होडी 18 नॉटने पळते? पाण्यात बसून पाणी कापत जाणाऱ्या होडीच्या वेगाला मर्यादा असते. पाण्यालगतची लांबी फुटांत घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि 1.34 ने गुणायचं. 20 फुटांना उत्तर येतं 6 नॉट. त्यापुढे होडी स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढू पाहते, आणि पुढच्या एकेका नॉटची किंमत पेट्रोलमध्ये मोजावी लागते.

हलक्या, सपाट बुडाच्या फायबर होडीची गोष्ट थोडी वेगळी. रिकामी असली की ती पाण्यावर उठते आणि छान पळते. विकत घेताना चाचणी होते ती याच अवस्थेत: एक माणूस, अर्धी टाकी, जाळं घरी. सगळे खूश. कारखान्यातून इंजिनाबरोबर येणारा पंखाही बहुधा अशाच मध्यम-हलक्या बोटीचा विचार करून निवडलेला असतो. जगभर विकायच्या इंजिनाला एकच पंखा देताना कंपनी दुसरं काय करणार? मग हंगाम सुरू होतो, होडी लादली जाते, आणि तोच पंखा इंजिनाला झेपेनासा होतो.

घाट चढताना गाडी चौथ्या गिअरातच ठेवावी, तसं हे आहे. थ्रॉटल पूर्ण पिळलेला, आवाज जडावलेला, आणि फेरे 3,800 च्या वर जायला तयार नाहीत. चार-स्ट्रोक 9.9 च्या पुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलला बहुधा 5,000 ते 6,000 फेऱ्यांचा पट्टा दिलेला असतो. जुन्या टू-स्ट्रोकांत अनेकदा 4,500 ते 5,500. इंजिनाची छापील ताकद त्या पट्ट्यातच मिळते. मालकाने पैसे 9.9 चे मोजले, पण 3,800 फेऱ्यांवर त्या इंजिनात 9.9 एचपी नसतातच. वर पेट्रोल नीट जळत नाही, प्लग काळे पडतात, कार्बन साचतो, पिस्टन तापतो. दोन हंगामांत इंजिन ‘बसलं’ की दोष कंपनीला, नाहीतर पेट्रोलला.

मग 15 येतं. काही कंपन्यांचं 9.9 आणि 15 एकाच सांगाड्यावर बनलेलं असतं, पंखाही तोच चालतो. ताकद वाढल्यामुळे फेरे थोडे वर जातात, होडी थोडी पळते, आणि एचपीचा महिमा सिद्ध होतो! त्याच होडीला 9 ऐवजी 7 इंच पिचचा पंखा लावून पाहिला असता तर? जाणकारांचा ठोकताळा असा की पिच एक इंचाने उतरवला की पूर्ण थ्रॉटलचे फेरे दीडशे ते दोनशेने वाढतात. दोन इंच उतरवले तर 3,800 चे साधारण 4,200 होतील. पट्ट्यात शिरायला तेवढं पुरत नसेल, तर होडीवर ओझंच जास्त आहे किंवा इंजिन खरंच अपुरं आहे. पण हे कळतं पंखा बदलल्यावर. आपल्याकडे आधी इंजिन बदलतात.

या विषयात एका माणसाचं नाव आपल्या किनाऱ्यावर फारसं कुणाला ठाऊक नाही, आणि मला त्याची खंत वाटते. ओविंद गुलब्रान्डसन हे नॉर्वेजियन नौकारचनाकार. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा ‘बे ऑफ बेंगाल प्रोग्रॅम’ 1979 साली सुरू झाला, त्याचं ठाणं मद्रासला होतं. पूर्व किनाऱ्यावर बंदरं कमी. होडी लाटांतून थेट वाळूवर काढावी लागते. तिथल्या मच्छीमारांसाठी गुलब्रान्डसन यांनी वाळूवर लागणाऱ्या होड्यांचे आराखडे केले. त्या होड्यांत छोटं डिझेल इंजिन आणि किनारा जवळ आला की वर उचलता येणारा पंखा, अशी जोडणी बसवली गेली. छोट्या होडीचा इंधनखर्च कसा उतरवावा यावर त्यांनी 1986 मध्येच लिहिलं, आणि त्याच विषयावरची त्यांची सचित्र पुस्तिका अन्न व कृषी संघटनेने 2012 मध्ये काढली.

मला त्यांचा क्रम आवडतो. नवं इंजिन, नवं यंत्र, नवं तंत्र हे त्यांच्याकडे पहिलं येत नाही. पहिलं येतं थ्रॉटल थोडा सोडणं. पाणी कापणाऱ्या होडीत पंख्याला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फेरे दहा टक्क्यांनी उतरवले की लागणारी ताकद सत्तावीस टक्क्यांनी उतरते. होडीला पोचायला थोडा जास्त वेळ लागतो, तो धरूनही दर मैलाला पेट्रोल पाचव्या हिश्श्याच्या आसपास वाचतं. तासाभराच्या वाटेला सहा-सात मिनिटं जास्त. लिलावाची वेळ गाठायची असेल त्या दिवशी हा सल्ला कुणी ऐकणार नाही, हे मलाही समजतं. पण पहाटे जाताना कसली घाई असते? शेजारच्या होडीच्या पुढे जायची.

त्यांचा दुसरा आग्रह मोठ्या, सावकाश फिरणाऱ्या पंख्याचा. कारण शाळेच्या पुस्तकातलंच आहे. होडी पुढे जाते ती पाणी मागे ढकलून. थोडं पाणी जोरात ढकललं काय किंवा दुप्पट पाणी निम्म्या वेगाने ढकललं काय, रेटा सारखाच मिळतो. पण दुसऱ्या प्रकारात पाण्यात वाया जाणारी ऊर्जा निम्मी. म्हणून भारवाहू कामासाठी काही कंपन्या ‘हाय थ्रस्ट’ आउटबोर्ड काढतात: एचपी तेवढीच, गिअरचं प्रमाण 2.9 च्या आसपास, आणि पंखा बारा इंचांच्या जवळ. जड होडीला हेच इंजिन शोभतं. आपल्या दुकानात ते सहज दिसत नाही, कारण गिऱ्हाईक विचारत नाही. गिऱ्हाईक विचारत नाही, कारण दुकानात दिसत नाही. साध्या इंजिनाला मात्र हवा तेवढा मोठा पंखा बसत नाही, वरची आडवी पट्टी व्यासाला मर्यादा घालते. तिथे हातात उरतो तो पिच.

पंख्याच्या बाबतीत ‘जास्त म्हणजे चांगलं’ हा समज जुनाच आहे. फ्रान्सिस पेटिट स्मिथ यांनी 1836 मध्ये इंग्लंडात पेटंट घेतलेला पंखा दोन पूर्ण वेढ्यांचा लांबलचक लाकडी स्क्रू होता. 1837 मध्ये पॅडिंग्टनच्या कालव्यावर चाचणी चालू असताना त्याचा अर्धा भाग तुटला, आणि होडी आधीपेक्षा जोरात जाऊ लागली.

आता कामाचं. पंखा बरोबर आहे की नाही हे कानाने कळत नाही, फेरे मोजावे लागतात. छोट्या आउटबोर्डवर टॅकोमीटर नसतो. प्लगच्या वायरीवर तार गुंडाळून फेरे दाखवणारा छोटा मीटर मिळतो, तो पंख्यापेक्षा स्वस्त असतो. एका वाडीत एक असला तरी सगळ्यांचं काम होईल. होडी रोजच्यासारखी लादायची, म्हणजे जाळी, बर्फ, इंधन, माणसं सगळं घेऊन. मासळीच्या वजनाऐवजी पाण्याचे कॅन भरून ठेवले तरी चालेल. खाडीत पाणी शांत असताना इंजिन गरम करून थ्रॉटल पूर्ण उघडायचा आणि फेरे स्थिर झाले की आकडा टिपायचा. वेग मोबाइलच्या जीपीएसवर, जाताना आणि येताना असा दोनदा बघून सरासरी धरायची, नाहीतर भरती-ओहोटीचा ओढा तुम्हाला फसवतो. फेरे पट्ट्याच्या खाली राहिले तर पिच उतरवा. वर गेले तर चढवा, कारण जास्त फेऱ्यांनीही इंजिन मरतं, विशेषतः फेरे रोखणारी सोय नसलेलं जुनं टू-स्ट्रोक. आकडा पट्ट्याच्या वरच्या अर्ध्यात आला की तो पंखा तुमचा. दोन पंख्यांत अडलात तर ओझ्याच्या होडीने कमी पिचचा घ्यावा. रॉकेलवर चालणाऱ्या इंजिनाची ताकद पेट्रोलपेक्षा कमी भरते, तिथे पिच आणखी उतरवावा लागतो.

हे करण्याआधी एक गोष्ट बघून घ्या, नाहीतर सगळी मोजणी फुकट. इंजिन मागच्या फळीवर किती उंच बसलंय? पंख्याच्या डोक्यावरची आडवी पट्टी होडीच्या बुडाच्या पातळीत किंवा किंचित खाली हवी. फळी 20 इंचांची आणि इंजिन 15 इंची फळीसाठीचं आखूड दांड्याचं, अशी जोडी जमली की पंखा वरून हवा ओढतो, लाटेवर होडी उचलली की इंजिन किंचाळतं, आणि मालक म्हणतो पंखा खराब. उलटी चूक केली तर दांडा नुसताच पाण्याला आडवा येतो.

तीन पाती की चार, यावर लोक तासन्‌तास बोलतात. तीन पुरतात. चौथं पातं जड होडीला पकड देतं आणि थरथर कमी करतं, पण फेरे थोडे खातं, म्हणून तिथे पिच थोडा कमी धरायचा. स्टेनलेस की ॲल्युमिनियम, हा वाद तर खिशाचा आहे. स्टेनलेसचं पातं पातळ, ताठ आणि टिकाऊ, पण खडकावर आपटलं तर धक्का गिअरपर्यंत जाऊ शकतो. ॲल्युमिनियम वाकतं, तुटतं आणि गिअर वाचवतं. आपल्या खडकाळ किनाऱ्यावर आणि वाळूचे दांडे सरकणाऱ्या खाड्यांच्या मुखाशी मी डोळे मिटून ॲल्युमिनियम म्हणेन, आणि होडीत दुसरा पंखा, नट, कॉटर पिन आणि पक्कड. पाती कापून किंवा ठोकून पिच बदलणारे कारागीर आहेत. एखाद्याचा हात खरंच चांगला असतो. पण तीन पाती सारखी राहिली नाहीत तर थरथर बेअरिंग खाते.

पंख्याचा खरा शत्रू मात्र खडक नव्हे, नायलॉनचा धागा. जाळ्याचा तुकडा पंख्यामागे दांड्याला गुंडाळला जातो, हळूहळू ऑइल सील कापतो, आणि पाणी गिअरमध्ये शिरतं. बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून अधूनमधून पंखा काढून दांडा बघावा आणि गिअर ऑइल थोडं सोडून पाहावं. ते दुधाळ झालेलं असेल तर सील गेलं. हात घालण्याआधी इंजिन बंद करून प्लगची वायर काढायची, हे सांगायची गरज नसावी. तरी सांगतो, कारण बोटं परत येत नाहीत.

मच्छीमार सोसायट्यांकडे एक मागणी. इंजिनासाठी अनुदानाचा अर्ज भरताना पुढच्या ओळीत दोन वेगवेगळ्या पिचचे पंखे आणि एक टॅकोमीटर लिहा, आणि ते मंजूर होईपर्यंत पाठ सोडू नका. सरकारी योजनांना एचपी समजते, पिच समजत नाही. समजावणं आपल्याच हातात आहे. आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास नवं इंजिन घ्यायला निघालाच असाल, तर विक्रेत्याला विचारा की माझ्या लादलेल्या होडीला किती पिच देणार. तो आधी होडीची लांबी आणि ओझं विचारेल तर बसा. थेट किंमत सांगायला लागला, तर दुसरं दुकान बघा.