लांब रस्त्याची ऐट मध्यमवर्गाच्या दारी

ठेंगणे आसन, पुढे सोडलेले पाय आणि आपल्याकडे ओढून घेतलेले हँडल, अशा डौलाच्या मोटारसायकलला क्रूझर म्हणतात. तिचे माहेर अमेरिका. तेथील सरळ, लांबच लांब रस्त्यांसाठी ती घडली. मोठ्या इंजिनामुळे तिची किंमत मात्र आम्हां पगारदारांच्या आवाक्याबाहेरच राही.

पुण्याच्या बजाज कंपनीने २००१ मध्ये कावासाकीचे १७५ सी.सी. इंजिन असलेली 'एलिमिनेटर' आणली. डौल होता, पण किंमत चढीच ठरली. २००५ मध्ये त्याच घाटाच्या गाडीला 'पल्सर'चे घरचे १८० सी.सी. इंजिन दिले आणि 'अ‍ॅव्हेंजर' जन्माला आली. मोठ्या संख्येने बनणारे इंजिन दुसऱ्या सांगाड्यात बसविले, की नव्या इंजिनाचा खर्च वाचतो. स्वस्त क्रूझरचे सारे मर्म येथेच आहे. २०१५ मध्ये तर १५० सी.सी.ची 'स्ट्रीट'ही आली.

आसन ठेंगणे असल्याने कमी उंचीच्या चालकाचेही दोन्ही पाय जमिनीला टेकतात, हा मोठा आधार. परंतु पाय पुढे असल्यामुळे खड्डा आला असता पावलांवर भार देऊन चटकन उठता येत नाही. धक्का थेट कण्याला बसतो. दोन चाकांतील अंतरही अधिक, म्हणून अरुंद बोळात ती वळविणे जिकिरीचे.

तेव्हा वाचकहो, नुसत्या रूपावर भाळू नये, असे आम्हांस वाटते. मागे बसणाऱ्या घरच्या माणसालाही सोबत न्यावे, रोजच्या खडबडीत रस्त्यावर एक फेरी मारावी आणि मगच पैसे मोजावेत. ऐट आपली, तशी पाठही आपलीच!