उद्योगाचा मालक आणि घरचा जमाखर्च

2005 साली श्रीलंकेत, जमीन व इमारत वगळता ज्यांचे भांडवल एक लाख रुपयांहून कमी होते अशा लहान उद्योगांपैकी काहींना, केवळ सोडतीने निवडून, सुरेश द मेल, डेव्हिड मॅकेन्झी व ख्रिस्तोफर वुड्रफ या अर्थशास्त्रज्ञांनी 10,000 वा 20,000 रुपयांचे विनापरतफेड साहाय्य दिले. पुरुषांच्या धंद्यांत नफा स्पष्टपणे वाढला. लेस विणणे, शिवणकाम यांसारख्या स्त्रियांच्या धंद्यांत सरासरी वाढ जवळजवळ शून्य निघाली. यावरून स्त्रीच्या व्यवहारकौशल्यावर ठपका ठेवणे किती सोपे, आणि किती अन्यायाचे! कारण दप्तरात नोंद एकेका उद्योगाची असली, तरी पैसा खेळतो तो अखिल कुटुंबात. हे ध्यानी घेऊन रोहिणी पांडे प्रभृती संशोधकांनी श्रीलंका, घाना व भारत येथील अशाच प्रयोगांचे आकडे पुन्हा तपासले, आणि 2019 साली दाखवून दिले की, ज्या घरात स्त्रीचा उद्योग हाच एकमेव उद्योग असतो तेथे भांडवलावरील परतावा पुरुषांच्या तोडीचा असतो. जेथे पतीचाही धंदा असतो तेथे मात्र तिच्या नावे आलेली रक्कम पुष्कळदा त्याच्या दुकानात गुंतविली जाते. कुटुंबाचे एकूण उत्पन्न, रक्कम पतीस मिळो वा पत्नीस, सारखेच वाढलेले आढळले.